डिशवॉशर बिघडलाय? आधी पाणी कुठे अडलंय ते शोधा

डिशवॉशर मध्येच थांबला, तळाशी घाण पाणी साचलं किंवा दीड तास चालूनही ताटांवर तेलाचा थर तसाच राहिला, तर बहुतेक वेळा दोष पाण्याच्या वाटेत असतो. पाणी पुरेसं आत येत नाही, आत नीट फिरत नाही किंवा वापरून झाल्यावर बाहेर जात नाही. या तिन्ही ठिकाणी हात पोचतो आणि त्यासाठी मशीनचं पत्र्याचं कव्हर उघडावं लागत नाही. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी अर्धा-पाऊण तास काढून पुढची तपासणी जरूर करा.

मशीन कुठल्या टप्प्यावर थांबलं?

बिघाड शोधायचा तर मशीनचा क्रम माहीत हवा. बटण दाबल्यावर बहुतेक मशीन आधी काही सेकंद निचऱ्याचा पंप चालवतात आणि आतलं उरलेलं पाणी बाहेर टाकतात. त्या वेळी बारीक घरघर ऐकू येते. मग विजेवर उघडणारा वॉल्व्ह नळाचं पाणी आत घेतो, तेव्हा पाणी भरल्याचा आवाज येतो. तळाशी साधारण ३ ते ४ लिटर पाणी जमलं की मोठा पंप तेच पाणी खालच्या आणि वरच्या फिरत्या हातांतून (भोकं असलेल्या, पंख्यासारख्या पात्यांतून) भांड्यांवर जोरात मारतो आणि हीटर ते तापवतो. हे झाल्यावर पाणी बाहेर जातं आणि नवीन पाणी आत येतं. एका धुण्यात हे तीन-चार वेळा होतं.

मशीन सुरू करा आणि जवळ उभं राहून ऐका. घरघर होऊन पुढे काहीच झालं नाही, तर पाणी आत येत नाहीये. पाणी भरल्यावर फवाऱ्याचा आवाज आला नाही, तर पाणी फिरवणारा मोठा पंप किंवा चोंदलेला फिल्टर बघायला हवा. सगळं झालं पण शेवटी पाणी तळाशीच राहिलं, तर निचरा अडलाय.

स्क्रीनवरचे कोडही हेच सांगतात. बॉशच्या मशीनवर ई-२४ आणि ई-२५ निचऱ्याचे, ई-१८ पाणी न येण्याचा, ई-२२ फिल्टर चोंदल्याचा आणि ई-१५ तळाच्या ट्रेमध्ये पाणी गेल्याचा कोड आहे. एलजीवर ओई म्हणजे निचरा, आयई म्हणजे पाणी येत नाही, एई म्हणजे गळती, एचई म्हणजे हीटर. इतर कंपन्यांचे कोड वेगळे असतात, ते त्यांच्या पुस्तिकेत बघा. मात्र कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. ई-२५ दिसला म्हणून पंप जळला असं समजू नका. बऱ्याचदा पंपात एखादी टूथपिक अडकलेली असते.

हात घालण्याआधी

स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. प्लग कपाटामागे असेल तर त्या लाइनचा एमसीबी (वीजपेटीतला स्विच) खाली करा. पाण्याचा कॉक बंद करा. मशीन नुकतंच चाललं असेल तर २०-२५ मिनिटं थांबा, कारण आतलं पाणी ६०-७० अंशांपर्यंत गेलेलं असू शकतं. हातात जाड रबरी मोजे घाला. तळाच्या खळग्यात फुटलेल्या काचेचा तुकडा असण्याची शक्यता नेहमीच असते आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही.

सामान घरातलंच पुरतं: मग, स्पंज, जुना टूथब्रश, टूथपिक, टॉर्च, पक्कड, बादली, दोन जुने टॉवेल आणि पांढरं व्हिनेगर.

तळाशी पाणी साचतंय

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फिल्टरच्या खाली खळग्यात थोडंसं स्वच्छ पाणी कायम राहतं आणि ते राहायलाच हवं. त्याने पंपाची सीलं ओली राहतात. पाणी जाळीच्या वर आलेलं असेल, गढूळ असेल किंवा त्याला वास येत असेल, तरच तो बिघाड समजा.

खालची टोपली बाहेर काढा. मगाने पाणी उपसा, उरलेलं स्पंजने टिपा. आता मधला उभा, दंडगोल फिल्टर डावीकडे फिरवून वर उचला. त्याखालची सपाट जाळीही निघते. आपल्या स्वयंपाकात फिल्टर चोंदायला फार वेळ लागत नाही. फोडणीची मोहरी, कढीपत्ता, कोथिंबिरीच्या काड्या, शिताचे कण, हरभऱ्याची सालं, वाटणातल्या खोबऱ्याचा चोथा हे सगळं इथे येऊन बसतं आणि त्यावर तूप किंवा खोबरेल गोठलं की जाळीतून पाणी उतरत नाही. फिल्टर कोमट पाण्याखाली धरून टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. तारेची घासणी वापरू नका, जाळी फाटते. फाटकी जाळी बदलावीच लागते, कारण तिच्यातून गेलेला कचरा थेट पंपात पोचतो.

फिल्टर काढलेला असतानाच खळग्यात टॉर्च मारा. एका बाजूला निचऱ्याच्या पंपाचं छोटं प्लास्टिकचं झाकण दिसेल. बॉश आणि सीमेन्सच्या मशीनांत ते चमच्याच्या दांड्याने उचकटून आतल्या बाजूला कलवलं की निघतं. काही मशीनांत त्याला एक स्क्रू असतो. झाकणामागे पंपाचं पातं आहे. ते बोटाने हळूच फिरवा. ते सरसर फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. आत चुंबक असल्यामुळे तसं होतं, तो दोष नाही. अजिबात हलत नसेल तर काचेचा तुकडा, लिंबाची बी, टूथपिक, दोरा किंवा बाटलीच्या लेबलचा कागद शोधा आणि पकडीने बाहेर काढा. पातं मोकळं झालं की झाकण ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. झाकण अर्धवट बसलं तर पंप चालूनही पाणी बाहेर पडत नाही आणि तोच कोड पुन्हा येतो.

फिल्टर बसवताना उजवीकडे फिरवून त्यावरचे बाण एका रेषेत आणा. नुसता ठेवून दिलेला फिल्टर धुण्यात वर उचलला जातो आणि खरकटं पंपात जातं.

इतकं करूनही पाणी जात नसेल तर ओट्याखाली वाका. निचऱ्याचा पाइप कुठे दुमडलाय का, मशीन मागे सरकवताना भिंतीला दाबला गेलाय का ते बघा. तो सिंकच्या सायफनला (सिंकखालच्या वाकड्या निचरा-पाइपला) जोडलेला असेल तर जोडावरचा क्लॅम्प सैल करा, खाली बादली धरा आणि पाइप काढून सायफनचं तोंड तपासा. त्या अरुंद तोंडाशी तुपाचा घट्ट गोळा हमखास साठतो. मशीन नवीन असेल किंवा सायफन नुकताच बदलला असेल, तर त्या तोंडात कारखान्यातून आलेली प्लास्टिकची चकती तशीच राहिलेली असू शकते. पाइप जोडण्याआधी ती काढायची असते आणि प्लंबर घाईत ती विसरतात.

आपल्याकडे पुष्कळ घरांत हा पाइप नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालच्या, पाणी साठवणाऱ्या निचऱ्यात) खाली सोडलेला असतो. त्याने दोन त्रास होतात. पाइपचं टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडलं तर घाण पाणी उलटं मशीनमध्ये ओढलं जाऊ शकतं. आणि सगळा पाइप जमिनीलगत असेल तर मशीनमध्ये भरलेलं पाणी आपोआपच बाहेर वाहत राहतं. मशीन पुन्हा पुन्हा भरत राहतं आणि शेवटी पाणी येत नाही असा कोड दाखवतं. अशा वेळी इनलेटचा (पाणी आत घेणारा) वॉल्व्ह बदलून काही उपयोग होत नाही. पाइपचा एक भाग जमिनीपासून ५० ते ६० सेंटिमीटर उंच, ओट्याच्या आतल्या बाजूला क्लिपने बांधा आणि मग खाली आणा. टोक ट्रॅपच्या पाण्याच्या वर राहू द्या. कमाल उंची बहुतेक मशीनांना एक मीटरच्या आसपास चालते, त्याहून वर नेऊ नका.

शेवटी चाचणी. आत दोन लिटर पाणी ओता, मशीन सुरू करून प्रोग्रॅम रद्द करा. बॉश-सीमेन्सवर स्टार्टचं बटण ३ सेकंद दाबून धरलं की मशीन पाणी बाहेर टाकतं. मिनिटाभरात तळ रिकामा झाला तर काम फत्ते. पंपाची घरघर येते पण पाणी हलत नाही, तर अडथळा पुढे पाइपातच आहे. पंपाचा आवाजच नाही, तर पंप किंवा त्याची वायर गेली आहे.

पाणी आत येत नाही

नळाचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, ते आधी बघा. मग तो बंद करून इनलेट पाइपचा पाऊण इंची नट हाताने, नाहीच निघाला तर पकडीने सोडवा. आत बारीक जाळी असते. सोसायटीची टाकी धुतल्यावर किंवा टँकरचं पाणी भरल्यावर या जाळीत वाळू आणि गंज अडकतो. जाळी काढून ब्रशने धुवा, आतला रबरी वायसर जागेवर आहे याची खात्री करून नट पुन्हा आवळा. पकडीने फार कचकचून आवळू नका, प्लास्टिकच्या नटाचे आटे जातात.

पाइप काढलेलाच आहे तर तिथल्या तिथे दाबही तपासा. कॉकखाली बादली धरा, एक मिनिट पाणी सोडा आणि मोजा. मिनिटाला साधारण १० लिटर यायला हवं. बहुतेक मशीनांना किमान ०.५ बार दाब लागतो. १० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या किमान ५ मीटर वर हवी. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गच्चीवरची टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर असते, त्यामुळे तिथे ०.२ ते ०.३ बारच दाब मिळतो. मशीन ठणठणीत असूनही तिथे पाण्याचा कोड येत राहतो. उपाय मशीनमध्ये नाही. घराच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. बंगल्यातही गच्चीवरची टाकी बैठी असेल तर हीच अडचण येते.

ज्या बॉशच्या पाइपच्या टोकाला चौकोनी प्लास्टिकची पेटी असते, त्या पाइपच्या आत विजेची वायर आहे. तो पाइप कापू नका, लांबी वाढवायला मध्ये जोड देऊ नका आणि ती पेटी पाण्यात बुडवू नका.

काही मशीनांत टबच्या कोपऱ्यात छत्रीसारखा प्लास्टिकचा फ्लोट असतो. त्याखाली शीत किंवा काडी अडकली की तो वरच राहतो आणि मशीनला टब भरलेला वाटतो. तो दोन-चार वेळा वर-खाली करा, खालची जागा पुसा.

सगळं चालतं, पण भांडी स्वच्छ निघत नाहीत

इथे बिघाडापेक्षा मांडणी, पाण्याचा जडपणा (त्यातल्या क्षारांचं प्रमाण) आणि पावडर यांचा दोष जास्त असतो. मशीन सुरू करण्याआधी दोन्ही फिरते हात हाताने फिरवून बघा. झारा, उलथणं किंवा कुकरच्या भांड्याची कड आडवी आली तर हात अडतो आणि एकाच बाजूची भांडी धुतली जातात. पातेली आणि कढया उपड्या, तिरक्या आणि एकमेकांपासून सुट्या ठेवा. वाटीत वाटी गेली की आतल्या वाटीला पाणी लागतच नाही.

हातांची भोकं चोंदली असतील तर खालचा हात सरळ वर ओढला की निघतो. वरच्या हाताला बहुतेक वेळा मधला नट फिरवावा लागतो. प्रत्येक भोक टूथपिकने मोकळं करा. टूथपिक आत मोडू देऊ नका. हात उलटा करून नळाखाली धरा आणि हलवा, आत खुळखुळ आवाज आला तर मोहरी किंवा काचेचा तुकडा आहे. क्षारांचा पांढरा थर असेल तर हात व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा.

आता पाणी. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा धरणांचं पालिकेचं पाणी मऊ असतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यांत मोठा फरक पडतो. मराठवाडा आणि पठारावरच्या इतर भागांत बोअरचं पाणी सहसा जड असतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की मशीनचं आधीचं सेटिंग चुकीचं ठरतं, म्हणून मार्चनंतर काचेच्या ग्लासांवर धूसरपणा दिसू लागला तर आश्चर्य वाटायला नको. जडपणा तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा. टीडीएस मीटर सगळ्याच विरघळलेल्या क्षारांचा आकडा देतो, जडपणाचा वेगळा देत नाही. पट्टीवर पीपीएममध्ये आकडा आला तर त्याला १७.८ ने भागा, जर्मन अंश (जडपणा मोजायचं एकक) मिळतात. ३०० पीपीएम म्हणजे साधारण १७ अंश. पुस्तिकेतल्या तक्त्यात हाच आकडा शोधून मशीनचं सेटिंग बदला.

मशीनमधल्या सॉफ्टनरच्या (पाणी मऊ करणाऱ्या भागाच्या) राळेला, म्हणजे जडपणा शोषणाऱ्या मण्यांना, पुन्हा ताजं करायला मीठ लागतं. डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठच घाला. स्वयंपाकाच्या मिठात आयोडिन आणि मीठ सुटं ठेवणारे पदार्थ असतात, त्याने राळ आणि आतल्या वाटा खराब होतात. पहिल्यांदा भरताना टाकीत आधी लिटरभर पाणी आणि मग मावेल तेवढं, साधारण एक ते दीड किलो मीठ घाला. पुढच्या वेळी फक्त मीठ. सांडलेलं मीठ पुसा, झाकण घट्ट लावा आणि लगेच मशीन चालवा, कारण खारं पाणी स्टीलच्या टबावर तसंच राहिलं तर गंजाचे डाग पडतात. सगळ्या भांड्यांवर खारट पांढरा थर येत असेल तर मिठाच्या टाकीचं झाकण तपासा. सैल झाकणातून मीठ सतत टबात येत असतं.

ग्लास धूसर झाला तर त्यावर व्हिनेगर चोळा. पांढरेपणा गेला तर ते जड पाण्याचे क्षार होते, मिठाचं सेटिंग वाढवा. गेला नाही तर काचच झिजली आहे. ती परत चकचकीत होणार नाही, पण उरलेल्या ग्लासांसाठी तापमान आणि पावडर कमी करा.

पावडर २० ते २५ ग्रॅम पुरते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तिचे गठ्ठे होतात आणि दारातला पावडरचा कप उघडूनही ती आतच चिकटून राहते. हवाबंद डब्यात ठेवा आणि कप कोरडा असतानाच भरा. ताट किंवा परात दारावर टेकून कप उघडू देत नाही, असंही होतं. सिंकवरचं भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर कधीही घालू नका. एवढा फेस होतो की तो दाराखालून बाहेर येतो आणि तळाच्या ट्रेमध्ये उतरतो. कुणी चुकून घातलंच, तर प्रोग्रॅम रद्द करून पाणी बाहेर टाका, फेस मगाने काढा आणि थंड पाण्याने नुसतं विसळणं दोन-तीन वेळा चालवा.

भांडी ओली राहत असतील तर रिन्स एड (भांडी लवकर वाळावीत म्हणून मशीनमध्ये भरायचं द्रव) संपलंय का ते बघा. प्लास्टिकचे डबे मात्र त्यानेही पूर्ण वाळत नाहीत.

खाली पाणी, ई-१५ आणि उंदीर

दाराच्या खालच्या कडेचं रबर ओल्या फडक्याने पुसा, तिथे तेलकट चिकटा साठतो आणि दार घट्ट बसत नाही. मशीन समतल आहे का तेही बघा. ते पुढे झुकलेलं असेल तर पाणी दाराकडे येतं.

तळाच्या ट्रेमध्ये पाणी गेलं की थर्माकोलचा फ्लोट उचलला जातो आणि मशीन निचऱ्याचा पंप सतत चालवत राहतं. प्लग काढा, कॉक बंद करा, खालची पट्टी सोडवा आणि स्पंजने ट्रे कोरडा करा. मशीन सुटं असेल तर दोघांनी मिळून हळूच मागे कलवलं की पाणी बाहेर येतं. त्यानंतर कोड जाईल, पण पाणी ट्रेमध्ये आलं कुठून ते शोधल्याशिवाय मशीन रोजच्या वापरात घेऊ नका. फेस झाला होता का, पाइपचा क्लॅम्प सैल आहे का ते बघा. आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार निघतं. ओट्याखालच्या उबेला उंदीर येतात आणि पाइप कुरतडतात. पाइपवर दातांच्या खुणा असतील तर टेप गुंडाळून भागत नाही, पाइप बदला आणि ज्या फटीतून उंदीर येतात ती बुजवा.

सुरूच होत नाही

१६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये दुसरं उपकरण लावून वीज आहे का ते बघा. मग चाइल्ड लॉक आणि उशिरा सुरू होण्याचं टायमर तपासा. दार बंद करताना खटका ऐकू यायला हवा. वरची टोपली पूर्ण आत गेली नसेल तर तो लागत नाही.

मल्टिमीटर असेल तर

मीटर वापरायची सवय असेल, वॉरंटी संपली असेल आणि प्लग काढलेला असेल, तरच बाजूचा पत्रा काढा. त्याला बऱ्याचदा टी-२० टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू असतात. पत्र्याच्या कडा धारदार असतात, मोजे घालूनच हात आत घाला. पार्टची वायर सुटी करून मोजा. २३० व्होल्टच्या १८०० ते २००० वॅट हीटरचा रोध २६ ते २९ ओहमच्या आसपास येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटलाय. साध्या निचरा पंपाच्या गुंडाळीचा रोध बहुधा १०० ते २५० ओहम, इनलेट वॉल्व्हचा ३ ते ४ हजार ओहम असतो. नव्या मशीनांतल्या इन्व्हर्टर पंपांना हे आकडे लागू होत नाहीत.

धुणं सुरू होऊन पाणी तापायला लागलं की घरातला आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल आणि थंड पाण्याच्या प्रोग्रॅमवर पडत नसेल, तर हीटरमधून वीज अर्थिंगला गळते आहे. इथे थांबा. आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर करून मशीन चालवणं जिवावर बेतू शकतं. जळका वास, वितळलेली वायर किंवा कंट्रोल बोर्डवर झुरळांनी केलेली घाण दिसली तरी ते काम जाणकाराकडेच द्या.

पंप, पाइप किंवा फिल्टर विकत घ्यायचा असेल तर दार उघडून त्याच्या वरच्या किंवा बाजूच्या कडेवरचं लेबल बघा. तिथे मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो, बॉशवर तो ई-नंबर म्हणून छापलेला असतो आणि तिरक्या रेघेनंतरचे दोन आकडेही त्यातच धरायचे. एकाच नावाच्या दोन मशीनांत पंपाची बैठक वेगळी असू शकते, म्हणून दुकानदाराला हा पूर्ण क्रमांक आणि जुन्या पार्टवर छापलेला क्रमांक, दोन्ही पाठवा.